ग्राउंड चेक्ड, फाउंड ओके

विमानातली बहुतेक उपकरणं बिघडली की वैमानिकाला ते कळतं. रेडिओ खरखरतो, ऑइल प्रेशरचा काटा खाली बसतो, दिशादर्शक भलतीकडेच तोंड फिरवतो. ट्रान्सपॉन्डर मात्र असा बिघडतो की हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो शंभर किलोमीटर दूर, रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या कंट्रोलरला. घोरणाऱ्या माणसासारखं आहे हे. त्याची स्वतःची काहीच तक्रार नसते. तक्रार घरातल्या बाकीच्यांची. आणि डॉक्टरकडे नेलं की तो टक्क जागा, खुर्चीत ताठ बसलेला. डॉक्टर घशात बॅटरी मारून बघतात आणि म्हणतात, काही नाही, ठीक आहे.

आमच्या धंद्यात या 'ठीक आहे'साठी एक ठरलेलं वाक्य आहे. टेक लॉगच्या डाव्या रकान्यात वैमानिक स्नॅग लिहितो, 'ट्रान्सपॉन्डर इंटरमिटंट'. उजव्या रकान्यात इंजिनिअर लिहितो, 'ग्राउंड चेक्ड, फाउंड ओके'. खाली सही, लायसन्स नंबर, तारीख. विमान पुन्हा उडायला मोकळं. या वाक्याची अडचण अशी की ते खोटं नसतं. जमिनीवर खरोखरच तपासलेलं असतं आणि खरोखरच ठीक आढळलेलं असतं.

मी दख्खनच्या पठारावरच्या एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये काम करतो. लायसन्सवर 'बी-टू' लिहिलेलं आहे, म्हणजे विमानातली वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे. इंजिनवाले हात काळे करून घेतात, आम्ही वायरींमध्ये डोकं घालून मान अवघडून घेतो. छोट्या विमानाच्या पॅनलखाली उताणं झोपून, दात-ओठांत टॉर्च धरून काम करण्याची एक कला आहे. कॉलेजात ती शिकवत नाहीत.

ट्रान्सपॉन्डर नेमकं काय करतो? साधं रडार लहरी सोडतं आणि विमानाच्या पत्र्यावर आपटून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी टिपतं. आकाशात तिथे काहीतरी आहे, एवढं त्यावरून कळतं. ते कोण आहे आणि किती उंचीवर आहे, हे कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात येणारं विमान आपलं की शत्रूचं, हे ओळखण्याची निकड लागली, तेव्हा विमानातच एक उत्तर देणारा डबा बसवण्याची युक्ती निघाली. आजच्या सेसनामधला ट्रान्सपॉन्डर त्याच वंशातला. जमिनीवरून 1030 मेगाहर्ट्झवर प्रश्न येतो आणि विमानातून 1090 वर उत्तर जातं. प्रश्न म्हणजे दोन स्पंद. त्यांच्यात 8 मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर अर्थ 'तुझा कोड काय?' आणि 21 चं असेल तर 'तुझी उंची किती?' उत्तराच्या दोन टोकांना दोन स्पंद असतात, एकमेकांपासून 20.3 मायक्रोसेकंदांवर, मधे बारा जागा. प्रत्येक जागी स्पंद असतो किंवा नसतो. बारा जागांचे मिळून 4096 कोड होतात आणि म्हणूनच ट्रान्सपॉन्डरच्या खिडकीत 8 आणि 9 हे आकडे कधीच येत नाहीत. 7700 लावलं की संकट, 7600 म्हणजे रेडिओ गेला, 7500 म्हणजे अपहरण. नव्या विद्यार्थ्यांना हे तीन कोड पहिल्या आठवड्यातच पाठ असतात. नॉब 'ऑल्ट'वर न्यायचा असतो, हे मात्र महिनोन्‌महिने लक्षात राहत नाही. आमच्याकडे येणारे निम्मे ट्रान्सपॉन्डरचे स्नॅग तिथेच संपतात. नॉब 'स्टँडबाय'वर असतो आणि डबा निमूटपणे गरम होत बसलेला असतो.

जुन्या केटी 76ए सारख्या डब्यावर एक छोटा दिवा असतो. विचारणा आली आणि उत्तर गेलं की तो लुकलुकतो. या दिव्यावर वैमानिकांचा फार विश्वास. 'सर, लाइट ब्लिंक होत होता, म्हणजे चालू होता.' खरं तर तो दिवा एवढंच सांगतो की आपण बोललो. समोरच्याला ऐकू गेलं का, हे त्याला माहीत नसतं. आणखी एक गंमत. आसपास रडार नसलं तरी तो दिवा अधूनमधून लुकलुकतो, कारण वरून मुंबई-हैदराबादच्या वाटेवर जाणारं एखादं एअरबस आपल्या टीकॅसमधून, म्हणजे हवेतली टक्कर टाळायच्या यंत्रातून, त्याच 1030 वर विचारत जातं, 'खाली कोणी आहे का?' आणि आपलं इवलंसं सेसना त्याला इमानदारीत उत्तर देतं. पॅनलखाली पडल्यापडल्या तो दिवा बघायला मला अजून आवडतं.

आता त्या 'इंटरमिटंट'कडे वळतो. आमच्या एका सेसना 172 वर हा स्नॅग सारखा येत होता. टेक लॉगची मागची पानं चाळली तर तीच तक्रार, तेच उत्तर, सह्या वेगवेगळ्या. एकदा मधेच कोणीतरी डबा काढून दुसऱ्या विमानातला बसवून पाहिला होता आणि 'युनिट स्वॅप्ड, फाउंड ओके' अशी नोंद केली होती. पंधरवड्याने पुन्हा 'इंटरमिटंट'.

ही डबा बदलण्याची पद्धत सगळीकडे चालते आणि तिच्यावर माझा राग आहे. चूक आहे म्हणून नव्हे, घाई आहे म्हणून. ट्रान्सपॉन्डर पॅनलमध्ये एका ट्रेवर सरकवून बसवलेला असतो. मागे अँटेनाच्या केबलचा कनेक्टर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. डबा पूर्ण आत गेला की आपोआप जुळतो. पुढून एका षटकोनी स्क्रूने डबा आत ओढून घट्ट करायचा. कंपनांनी तो स्क्रू जरा ढिला झाला, डबा दोन मिलिमीटर पुढे आला, की कनेक्टरची टाचणी जेमतेम टेकलेली राहते. अशा वेळी डबा बदलला तर बिघाड हमखास जातो, कारण नवा डबा आपण नीट दाबून बसवतो. जुना डबा दुरुस्तीला जातो, तिथून 'नो फॉल्ट फाउंड' असा कागद घेऊन परत येतो, बिल भरलं जातं, आणि बिघाड कशाने झाला होता हे जगात कोणालाच माहीत नसतं. गुन्ह्याची जागा आपणच पुसून घेतलेली असते. म्हणून आधी हात लावायचा नाही, आधी बघायचं. डबा ट्रेमध्ये किती आत आहे, स्क्रू किती फिरतो, हे पाहायला मिनिटसुद्धा लागत नाही.

त्या सेसनात डबा घट्टच होता. तेव्हा मी शेवटचं उड्डाण केलेल्या मुलीला बोलावलं. सोलो क्रॉस-कंट्री करून आलेली, बोलायला जरा बिचकणारी. स्नॅगमध्ये तिने दोनच शब्द लिहिले होते.

"रडारवाले नेमकं काय म्हणाले?"

"सर, 'नॉट रिसीव्हिंग युवर ट्रान्सपॉन्डर, रीसायकल' म्हणाले. मी ऑफ करून परत ऑन केला."

"कुठे असताना?"

तिने नकाशा उघडला. पेन्सिलीने वेळा लिहून ठेवल्या होत्या, ही तिची शिस्त. "सर, पहिले चाळीसएक मैल काहीच बोलले नाहीत. त्याच्यापुढे गेले तेव्हा म्हणाले. परत फिरले आणि इथपर्यंत आले, तेव्हा 'नाउ रिसीव्हिंग' म्हणाले. साधारण त्याच जागी."

माझं अर्धं काम तिथेच झालं. टाचणी ढिली असती तर बिघाड जवळही आला असता आणि लांबही. खड्डा लागल्यावर, वळल्यावर, कधीही. ठरावीक अंतरापलीकडे हरवतो आणि त्याच अंतराच्या आत आला की सापडतो, याचा अर्थ डबा बोलतोय पण आवाज पोचत नाहीये. म्हणजे शक्ती वाटेत कुठेतरी मुरतेय. पॅनलच्या वर बघण्यासारखं काही उरलं नाही. बघायचं ते जमिनीखाली, म्हणजे विमानाच्या जमिनीखाली. हे दोन शब्दांच्या स्नॅगमध्ये कुठेच नव्हतं. तिच्या पेन्सिलीत होतं.

आणि 'फाउंड ओके' का आलं होतं, तेही याच हिशेबात बसतं. जमिनीवर तपासताना आम्ही रॅम्प टेस्ट सेट घेऊन विमानापासून काही मीटरवर उभे राहतो. तो सेट रडारचं सोंग घेऊन प्रश्न विचारतो आणि उत्तर मोजतो. तेवढ्या जवळून तर कुजबूजही ऐकू येते. लहरींचा नियम साधा आहे, अंतर दुप्पट झालं की शक्ती चौथाई होते. उलट बाजूने पाहिलं तर केबलमध्ये तीन-चतुर्थांश शक्ती वाया गेली की पल्ला निम्मा होतो. शंभर मैलांवरून दिसायचं ते विमान पन्नासनंतर हरवतं. दहा मीटरवरून मात्र झकास दिसत राहतं. सेटच्या पडद्यावर 'रिप्लाय' दिसला की पुष्कळ जण समाधानाने वळतात. त्याच पडद्यावर शेजारी वॅटचा आकडा असतो. पंधरा हजार फुटांखालीच उडणाऱ्या छोट्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरची शक्ती अमेरिकी नियमांनुसार किमान 70 वॅट हवी, फ्रीक्वेन्सी 1090 च्या 3 मेगाहर्ट्झ इकडेतिकडे चालते. आकडा वाचायचा आणि लॉगमध्ये लिहायचा, एवढंच काम असतं. 'ओके' हा आकडा नाही.

आमच्या सेसनाचा आकडा 70 च्या बराच खाली होता.

आमच्या हँगरमध्ये एक मामा आहेत. विमानं ढकलायची, धुवायची, पुसायची हे त्यांचं काम. मी पोटाखाली सरपटलो तेव्हा ते बादली घेऊन आलेच होते. म्हणाले, "साहेब, ह्या इमानाचं पोट लई काळं व्हतंय. बाकीच्यांचं न्हाई एवढं." इंजिनमधून गळणारं तेल आणि एक्झॉस्टची काजळी वाऱ्याबरोबर पोटावरून मागे ओघळत जाते, त्यात उन्हाळ्यात धावपट्टीवरची माती मिसळली की लुकण तयार होतं. ट्रान्सपॉन्डरची अँटेना नेमकी तिथेच असते, बोटभर लांबीची, टोकाला गोळी असलेली काडी किंवा माशाच्या पंखासारखं पातं. तिच्यावर ते लुकण चढलं की पोचणारी शक्ती घटते. मामांनी फडकं फिरवलं, आम्ही पुन्हा मोजलं. आकडा थोडा वर सरकला, पण पुरेसा नाही. मामांचं म्हणणं मात्र मी इंजिनवाल्यांच्या कानावर घातलं, कारण एकाच विमानाचं पोट जास्त काळं होतंय, ही ट्रान्सपॉन्डरपेक्षा मोठी बातमी होती. एका सीलमधून तेल झिरपत होतं. ते सील त्यांनी त्याच आठवड्यात बदललं.

मग मागची सीट काढली, फरशीची झाकणं उघडली. अँटेनापासून पॅनलपर्यंत केबल जाते, ती विमानाच्या वयाचीच असावी. माझ्याबरोबरच्या पोराने मल्टीमीटर लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तार सलग, बीप वाजला. मधली तार आणि जाळी एकमेकींना लागलेली नाहीत, तेही ठीक. "सर, केबल ओके आहे." मल्टीमीटरच्या मते होतीच. मल्टीमीटर बॅटरीची संथ वीज सोडून बघतो, आणि संथ वीज गंजलेल्या, दबलेल्या, भिजलेल्या तारेतूनही आरामात चालत जाते. सेकंदाला 109 कोटी वेळा हेलकावणाऱ्या लहरीचं तसं नसतं. मधली तार आणि भोवतालची जाळी यांच्यात सगळीकडे सारखं अंतर राहिलं, तरच ती सुखाने पुढे जाते. कुठे केबल मोडून वाकवली, कुठे पट्ट्याने आवळून चेमटवली, की काही लहर तिथूनच माघारी फिरते. जाळी गंजली की उरलेली तिच्यात उष्णता होऊन विरते. आमच्या केबलला फरशीखालच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्याने घट्ट आवळलं होतं, आणि अँटेनाजवळचा कनेक्टर उघडला तर आतली जाळी हिरवी-काळी झालेली. कितीतरी पावसाळ्यांचं पाणी चाकांनी उडवून तिथे पोचवलं होतं. दुहेरी जाळीची, चांदीचा मुलामा दिलेल्या तारेची आरजी-400 केबल टाकली, कोपऱ्यात मोठा वळसा दिला, अँटेनाच्या बुडाखालचा पत्रा घासून लख्ख केला, म्हणजे पायाला जमीन नीट लागेल. आकडा 70 च्या चांगलाच वर गेला. नवा डबा विकत घेण्याच्या खर्चापुढे ही केबल म्हणजे काहीच नाही.

याच्या उलटही होतं. काही डबे कमी बोलत नाहीत, जास्त बोलतात. रडारची अँटेना फिरता फिरता मुख्य झोताबरोबर आजूबाजूलाही थोड्या लहरी सांडते. त्या सांडलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे ट्रान्सपॉन्डरला कळावं म्हणून प्रश्नात एक तिसरा स्पंद घातलेला असतो. तो पहिल्यापेक्षा जोरात ऐकू आला, तर प्रश्न आपल्याला नव्हता असं समजून गप्प बसायचं. हे गप्प बसणं बिघडलं की डबा प्रत्येक सांडलेल्या प्रश्नाला उत्तर देत सुटतो, आणि रडारच्या जवळ असताना कंट्रोलरच्या पडद्यावर एका विमानाच्या जागी विमानांचं अख्खं कडं उमटतं. वैमानिक अर्थातच निवांत. दिवा भरपूर लुकलुकत असतो.

पण सगळ्यात नामी बिघाड उंचीचा. तो समजला त्या दिवशी मला या धंद्याचा खरा नाद लागला.

ट्रान्सपॉन्डरला स्वतःला उंची कळत नाही. ती त्याला एन्कोडर सांगतो. पॅनलमागे लपलेली ही छोटी डबी, तिला तोंड नाही, काटा नाही. बाहेरच्या हवेचा दाब मोजून ती शंभर-शंभर फुटांच्या पायऱ्यांत उंची काढते आणि दहाएक बारीक तारांतून ट्रान्सपॉन्डरला कळवते. कोणत्या तारेत वीज आहे आणि कोणत्यात नाही, यावरून उंची ठरते. या तारांची सांकेतिक भाषा अशी बांधली आहे की एक पायरी चढताना एकाच वेळी एकच तार बदलते. त्यामुळे पायरी ओलांडण्याच्या क्षणी वाचलं, तरी चूक झाली तर एका पायरीचीच. या तऱ्हेच्या संकेताला बेल लॅबच्या फ्रँक ग्रे यांचं नाव पडलं आहे. त्यांनी 1947 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. इतकी देखणी कल्पना अशा धुळकट डबीत चालते, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

पण एखादी तार तुटली तर? समजा 'ए-4' नावाची तार तुटली. ही तार 2,700 फुटांपर्यंत रिकामीच असते, 2,800 पासून तिच्यात वीज येते. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर. त्यामुळे जमिनीवर तपासलं तर उंची अचूक. फाउंड ओके! विमान उडतं, 2,700 पर्यंत सगळं ठीक. 2,800 ला पोचलं की रडारवर 2,700 दिसतं. 2,900 ला 2,600. 3,000 ला 2,500. संकेताची रचनाच आरशासारखी आहे, त्यामुळे तार गळाली की उंची आरशात पडते. विमान चढत जातं आणि पडद्यावर उतरत जातं. 4,000 फुटांवर सुखाने चाललेलं विमान कंट्रोलरला 1,500 वर दिसतं, म्हणजे आमच्या धावपट्टीच्या चारशे फूट खाली, जमिनीच्या पोटात. कंट्रोलर घाबरून विचारतो, "व्हेरिफाय युअर ॲल्टिट्यूड!" आणि वैमानिक आपल्या अल्टिमीटरकडे बघून शांतपणे सांगतो, चार हजार. दोघेही खरं बोलत असतात.

अशा वेळी 'पडद्यावर उंची चुकीची दिसते' एवढं कोणी लिहिलं तर शोधायला दिवस जातो. 'खऱ्या चार हजारांवर पंधराशे दिसली' असं लिहिलं तर कागदावरच्या तक्त्यात बोट ठेवून कोणती तार तुटली ते सांगता येतं, झाकण उघडण्याआधी. खात्री करायला उडावंही लागत नाही. बाहेरच्या हवेचा दाब आत पोचवणाऱ्या भोकाला, म्हणजे स्टॅटिक पोर्टला, पंप जोडून नळीतली हवा हळूहळू खेचली की हँगरमध्ये उभं असलेलं विमान समजतं की आपण चढतोय. फक्त घाई करायची नाही. झटक्यात हवा ओढली तर व्हर्टिकल स्पीडचा काटा कायमचा कामातून जातो. काही वेळा तार तुटलेली नसते, उंदराने कुरतडलेली असते. काही वेळा नळीत पावसाचं पाणी, तर कधी पोर्टच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. आणि काही वेळा बिघाड नसतोच. एन्कोडर नेहमी 1013.25 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून चालतो. ऐन पावसाळ्यात दाब 1003 वर उतरला, की तो धावपट्टीवर उभ्या विमानाची उंची पावणेतीनशे फूट जास्त सांगतो. जमिनीवरचा संगणक तेवढी दुरुस्ती करून घेतो. नव्या पोरांना हे माहीत नसतं आणि ते चांगला एन्कोडर उघडायला निघतात. त्यांचा हात धरावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणारे आमच्याकडेही आहेत. छोटं विमान, आभाळ मोकळं, दिसलं नाही एखाद वेळी रडारला तर काय बिघडलं? त्यांना मी 31 ऑगस्ट 1986 ची सेरीटोसची गोष्ट सांगतो. लॉस एंजेलिसजवळच्या या गावावर एरोमेक्सिकोचं डीसी-9 आणि तीन माणसांचं छोटं पायपर आर्चर एकमेकांवर आदळली. पायपर परवानगीविना मोठ्या विमानांच्या हद्दीत शिरलं होतं. त्यात ट्रान्सपॉन्डर होता, पण उंची सांगणारा नव्हता. दोन्ही विमानांतली 67 आणि जमिनीवरची 15 माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांच्या परिसरात उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं 747 आणि कझाकस्तानचं इल्यूशिन 76 धडकलं, 349 माणसं गेली. एकाला 14,000 फूट दिले होते, दुसऱ्याला 15,000. कझाक विमान आपल्या उंचीवर राहिलं नाही. ते खाली येतंय हे दिल्लीच्या कंट्रोलरला दिसण्याची सोयच नव्हती. त्याच्यासमोर साधं रडार होतं, उंची विचारणारं नव्हतं. आणि 29 सप्टेंबर 2006 ला ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या जंगलावर 37,000 फुटांवर, नव्याकोऱ्या लेगसी जेटचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलेला होता आणि आतल्या वैमानिकांना त्याची जाणीव नव्हती. समोरून येणाऱ्या गोलच्या 737 मध्ये टीकॅस होता. पण टीकॅस विचारतो, आणि उत्तर देणारं कोणी नसेल तर त्याच्या दृष्टीने आभाळ रिकामंच असतं. 737 मधले सगळे 154 जण गेले. लेगसी तुटक्या पंखानिशी उतरलं.

नवे डबे आता खूप शहाणे झालेत. मोड एसचा ट्रान्सपॉन्डर आपली ओळख न विचारताही हवेत सोडत राहतो, स्वतःतला बिघाड पडद्यावर लिहून दाखवतो. प्रत्येक विमानाला 24 बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. भारतातल्या विमानांचे पत्ते 8 ने सुरू होतात. त्यामुळे डबा बदलून बघण्याच्या सवयीला आता नवीनच फळं लागतात. या विमानातला डबा त्यात घातला आणि पत्ता बदलायचा राहिला, तर रडारला दुसऱ्याच नावाचं विमान दिसतं, आणि दोघांचा पत्ता एक असला तर रडारचा आणि टीकॅसचा गोंधळ उडतो. अँटेना मात्र अजून पोटाखालीच आहे, केबल फरशीखालीच आहे, आणि पाऊस दरवर्षी येतो.

फ्लाइंग शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. 'ट्रान्सपॉन्डर यू/एस', म्हणजे नादुरुस्त, एवढंच लिहून चावी टांगून निघून जाऊ नका. रडारपासून किती मैलांवर होतात, किती उंचीवर, सरळ जात होतात की वळत होतात, पाऊस होता की ऊन, आणि कंट्रोलर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. रकाना पुरला नाही तर वेगळा कागद जोडा. आणि दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला 'फाउंड ओके' दिसलं, तर विमानात बसण्याआधी हँगरमध्ये या आणि वॅट किती आले ते विचारा. विचारलं म्हणून कोणीही रागावणार नाही. रागावलं तर माझ्याकडे या.